डॉनच्या पोटात डॉन

२००६ सालची भाऊबीज. डोंबिवलीला बहिणीकडून ओवाळून घेतलं, ताटात पाकीट टाकलं आणि जेवणाची सुस्ती अंगावर यायच्या आत चौदा वर्षांच्या भाच्याला घेऊन ‘डॉन’ बघायला निघालो. चित्रपट चारच दिवसांपूर्वी, २० ऑक्टोबरला लागला होता. मी १९७८ चा ‘डॉन’ इतक्यांदा पाहिलेला, की कुठल्या मारामारीनंतर कुठलं गाणं हे तोंडपाठ. भाच्याने जुना पाहिलाच नव्हता. त्यामुळे अंधारात त्याच्या कानाशी माझं समालोचन अखंड सुरू: आता हा डॉन मरेल, आता पोलिसांचे साहेब त्याच्यासारखा दिसणारा विजय शोधून आणतील, आता साहेबच जातील आणि बिचाऱ्या विजयच्या बाजूने बोलणारा कुणी उरणार नाही. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र माझं तोंड आपोआप मिटलं.

बाहेर पडल्यावर भाचा म्हणाला, “मामा, तुझा विजय तर इंटरव्हलच्या आधीच गेला होता की!” मला उत्तर सुचलं नाही.

घरी जाता जाता तो मला स्टेशनजवळच्या एका गाळ्यात घेऊन गेला. चार जाडजूड टीव्ही, चार पीएस टू, म्हणजे सोनीची प्लेस्टेशन २ ही व्हिडिओ गेमची यंत्रं, तासाला वीस रुपये. भिंतीवर पाटी: ‘फराळाच्या हाताने रिमोट धरू नये’. कंट्रोलरला तिथे सगळे रिमोटच म्हणत. पोरांच्या शर्टाच्या खिशात आठ एमबीचं मेमरी कार्ड. अर्धवट राहिलेला खेळ त्यात घेऊन हिंडायचं आणि उद्या जो टीव्ही मोकळा मिळेल तिथे पुढे सुरू करायचं. काउंटरच्या काचेखाली वर्तमानपत्राचं कात्रण होतं: ११ नोव्हेंबरला जपानमध्ये प्लेस्टेशन ३ येतोय. त्यावरून पोरांची जुंपली होती. एक म्हणे, तो आला की हे सगळे डबे भंगारात. गाळेवाल्याने सुट्टे मोजता मोजता मान वर न करता विचारलं, “माझ्या जुन्या सीड्या चालणार का त्याच्यावर? ते सांग आधी.”

त्या एका दुपारी एकच प्रश्न मी दोनदा ऐकला. जुनं जर लोकांच्या अंगवळणी पडलं असेल, तर नव्याने त्या जुन्याचं काय करायचं? व्हिडिओ गेमच्या कंपन्या एकमेकींशी भांडताना आपल्याला दिसतात. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो यांच्या लढाईवर पुस्तकं निघाली आहेत. रिमेक आला की आपण नव्या नटाची तुलना त्याच्या समकालीन नटांशी करतो. पण खरी कुस्ती लागते ती घरातल्या घरात. शाहरुखपुढे त्या दिवाळीत कुणी खान नव्हता, अमिताभ होता. आणि प्लेस्टेशन ३ चा पहिला शत्रू होता प्लेस्टेशन २.

आधी जुन्या डॉनबद्दल. हा चित्रपट मुळात कर्ज फेडायला काढलेला. नरिमन इराणी हे छायालेखक. त्यांनी निर्मिलेला ‘जिंदगी जिंदगी’ १९७२ साली आपटला आणि डोक्यावर कर्ज बसलं. मनोजकुमारच्या ‘रोटी कपडा और मकान’ला इराणी कॅमेऱ्यामागे होते, चंद्रा बारोट सहायक होते, पडद्यावर अमिताभ आणि झीनत अमान. ही मंडळी म्हणाली, एक चित्रपट काढू, त्यातून इराणींचं कर्ज फिटेल. सलीम-जावेदकडे एक पटकथा पडून होती, ती कुणालाच नको होती. ती या मंडळींनी घेतली. दिग्दर्शन बारोट यांच्याकडे आलं. टांझानियात वाढलेला, बँकेत नोकरी केलेला हा माणूस पहिल्यांदाच दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसत होता. नावावरूनही कुरकुर झाली म्हणतात, कारण लोकांना ‘डॉन’ म्हटलं की बनियनचा ब्रँड आठवायचा. चित्रपट पुरा व्हायच्या आतच इराणी अपघातात गेले. १२ मे १९७८ रोजी तो लागला, तेव्हा ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तो माणूस बघायला नव्हता.

बनारसी पानाचं ते गाणंही मूळ आराखड्यात नव्हतं. तयार चित्रपट बारोट यांनी आपल्या गुरूला, मनोजकुमारला दाखवला. त्याचं म्हणणं पडलं की उत्तरार्धात प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागाच नाही, मध्ये कुठेतरी सैल सोडा. मग कल्याणजी-आनंदजींनी आधी दुसऱ्या चित्रपटासाठी बांधलेली आणि तिथे नाकारलेली चाल बाहेर काढली. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये अमिताभ, किशोरकुमार आणि आशा भोसले असे तिघेही ‘डॉन’साठी बक्षीस घेऊन गेले; किशोरचं बक्षीस याच पानाच्या गाण्याचं. म्हणजे आज ज्याला आपण अभिजात वगैरे म्हणतो, त्यात नको असलेली पटकथा, नको असलेली चाल आणि नवखा दिग्दर्शक हे सगळं ठिगळ लावून जोडलेलं होतं. रिमेक करणाऱ्याची पंचाईत इथेच होते. ठिगळं पुन्हा शिवता येत नाहीत. पुन्हा शिवायला बसलं की ती नक्षी होते.

दक्षिणेत ही पंचाईत जाणवली नाही. तेलुगूत एन. टी. रामाराव यांचा ‘युगंधर’ १९७९ मध्ये, तमिळमध्ये रजनीकांतचा ‘बिल्ला’ १९८० मध्ये आला. तिथल्या बहुतेक प्रेक्षकांसाठी ती गोष्टच नवी होती. भाषा बदलली की जुन्याशी कुस्ती लागत नाही. रजनीकांतच्या त्या काळच्या घोडदौडीत ‘बिल्ला’चा वाटा मोठा मानतात, आणि पुढे त्याचाही रिमेक झाला, तोही २००७ मध्ये. हिंदीचा हिंदीत रिमेक ही मात्र अगदी वेगळी जोखीम.

फरहान अख्तरने ही जोखीम कशी उचलली ते सांगायचं तर रहस्य फोडावं लागेल. इतकी वर्षं झाली, फोडतो. पटकथेच्या दोन बापांपैकी एक, जावेद अख्तर, हे फरहानचेही बाप. म्हणजे घरचाच माल. त्याने मूळ कथेची चाल जवळपास तशीच ठेवली. मूळ चित्रपटातल्या लाल डायरीची कॉम्प्युटरची डिस्क झाली, मुंबईच्या जागी बराचसा मलेशिया आला, हेलनच्या जागी करीना. माझ्यासारखे जुने प्रेक्षक खुर्चीत रेलून बसले: हा विजय आहे, डॉनची नक्कल करतोय, आपल्याला सगळं ठाऊक आहे. आणि नेमकं तेच ठाऊक असणं हा सापळा होता. इस्पितळात मेला तो विजय. पुढचे दोन तास जो नक्कल करणारा म्हणून आपण पाहत होतो, तो अस्सल डॉन होता. शेवटी एका लाडक्या संबोधनावरून नायिका रोमाच्या ते ध्यानात येतं, पण तोवर डॉनने विमानतळ गाठलेला असतो. ज्याने मूळ चित्रपट पाहिलेला नाही त्याला हा धक्का निम्माच बसतो. माझ्या भाच्याला नुसतं आश्चर्य वाटलं, फसवणूक झाली ती माझी. रिमेकने जुन्या प्रेक्षकाच्या आठवणीला कच्चा माल म्हणून वापरलेलं मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. एरवी मला जुनाच ‘डॉन’ प्यारा. पण हुशारी कबूल करायलाच हवी.

आता गाळेवाल्याच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या यंत्राचे खेळ नव्या यंत्रावर चालवायचे तर मार्ग दोन. पहिला म्हणजे नक्कल, तंत्रज्ञ ज्याला इम्युलेशन म्हणतात. नव्या यंत्रात एक सॉफ्टवेअर बसवायचं. ते जुन्या खेळाची एकेक आज्ञा वाचतं, नव्या प्रोसेसरच्या भाषेत तिचा अनुवाद करतं आणि खेळाला अशा भ्रमात ठेवतं की आपण अजून जुन्याच घरी आहोत. हे काम विजयचं. टोळीत शिरायचं आणि चालण्याबोलण्यात कुठेही चुकायचं नाही. एक लकब हुकली की खेळ खलास. दुसरा मार्ग सरळ आणि महाग: जुन्या यंत्राच्या मूळ चिपाच नव्या यंत्रात बसवायच्या. म्हणजे नक्कल नाहीच. वरून नवा दिसणारा आत अस्सल जुना.

मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी पहिला मार्ग घेतला, आणि नक्कल जमली तेवढ्याच जुन्या खेळांची यादी दिली. निन्टेन्डोला फारसे कष्टच पडले नाहीत, कारण त्यांचा वी हा आतून आधीच्या गेमक्यूबचाच वेग वाढवलेला भाऊ. त्याच्या माथ्यावरचं झाकण उघडलं की गेमक्यूबचे रिमोट लावायला चार भोकं दिसत. नव्या बंगल्यात जुन्या पाहुण्यांसाठी खुंट्या ठोकून ठेवाव्यात, तसं.

सोनीची अडचण मोठी होती. पीएस टू चा मुख्य प्रोसेसर, इमोशन इंजिन, वेगाने फार नव्हता. जेमतेम २९५ मेगाहर्ट्झ. पण त्याच्या जोडीला गणिताची दोन स्वतंत्र यंत्रं समांतर धावत, आणि चित्र काढणाऱ्या चिपच्या पोटातच चार एमबी स्मृती होती. बाहेरच्या स्मृतीकडे हेलपाटे न घालता ती सेकंदाला ४८ जीबीच्या वेगाने चित्र रंगवी. प्रोग्रामरांनी पाच-सहा वर्षांत या विक्षिप्तपणाचा पुरेपूर फायदा घेतला होता. कोणत्या क्षणी कुठलं यंत्र काय करतंय याचा हिशेब बोटांवर ठेवून खेळ लिहिलेले. पीएस थ्री चा सेल प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा, कागदावर कितीतरी दांडगा. पण त्याच्या चित्र काढणाऱ्या चिपच्या स्मृतीचा वेग सेकंदाला २२.४ जीबी. नवा पैलवान बाकी सगळ्या बाबतींत मोठा, पण नेमक्या एका डावात जुन्याहून कमी. नक्कल अशा ठिकाणी फसते.

म्हणून सोनीने दुसरा मार्ग धरला. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये जपान आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या पीएस थ्री च्या मदरबोर्डवर पीएस टू च्या अस्सल चिपा बसवलेल्या होत्या. जुनी डिस्क आत गेली की सेल बाजूला होई आणि जुना मालक गादीवर बसे. खेळणाऱ्याला वाटे, काय हुबेहूब नक्कल करतंय हे यंत्र! नक्कल नव्हतीच ती. आदल्याच महिन्यात थिएटरात मीही असाच एका अस्सल डॉनला नक्कल समजून टाळ्या देऊन आलो होतो.

सोनीला ही खोड जुनीच. पीएस टू मध्येही पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर होता. जुना खेळ लावला की तो पुढे येई. नवा खेळ चालू असताना त्याला रिकामं न बसवता रिमोट आणि मेमरी कार्डाची हमाली दिलेली. निवृत्त हेडमास्तरांना शाळेनेच टपाल सांभाळायला ठेवावं तसा प्रकार.

पण दुसऱ्या खेपेला हा शिष्टाचार परवडेना. पीएस थ्री चं स्वस्त मॉडेल ५०० डॉलरला, मोठं ६०० डॉलरला होतं. तेव्हा वी २५० ला मिळत होता आणि एक्सबॉक्स ३६० एक वर्ष आधीच ३०० आणि ४०० ला बाजारात उतरला होता. आयसप्लाय या संस्थेने पीएस थ्री उघडून सुट्या भागांचा हिशेब मांडला, तेव्हा पाचशे डॉलरच्या डब्याचा खर्च ८०० डॉलरवर गेला. ब्लू-रे ड्राइव्ह सव्वाशे डॉलरचा, सेल ८९ चा आणि जुन्या चिपांचे सुमारे २७. म्हणजे प्रत्येक डब्यामागे तीनशेची खोट. डबा तोट्यात विकायचा आणि पुढे खेळांच्या विक्रीतून वसूल करायचं, हा या धंद्याचा नेहमीचा हिशेब. पण त्यासाठी आधी डबे खपायला हवेत. मग कात्री चालली. मार्च २००७ मध्ये युरोपात गेलेल्या मॉडेलमधून इमोशन इंजिन काढलं, चित्राची जुनी चिप ठेवली. अर्धा डॉन, अर्धा विजय. त्याच वर्षाच्या अखेरीस ४० जीबीचं स्वस्त मॉडेल आलं, त्यात दोन्ही नव्हते. पीएस टू ची डिस्क त्यात चालत नसे.

यात धोरणही होतं. जुना खेळ नव्या डब्यावर चालला तर गिऱ्हाईक नवा खेळ कशाला घेईल? आणि पीएस टू दुकानांत अजून जोरात खपत होता. त्याचे एकूण पंधरा कोटींहून जास्त डबे विकले गेले. त्याच्या वारसाचा आकडा नऊ कोटींच्या आतच थांबला. वी दहा कोटींच्या थोडा पुढे गेला, एक्सबॉक्स ३६० साडेआठ कोटींच्या आसपास राहिला. तिघांच्या हाणामारीत कोण जिंकलं यावर अजून वाद घालता येतो, पण तिघांपैकी कुणालाही पीएस टू ला गाठता आलं नाही.

हिंदी चित्रपटांत त्याच सुमारास उलटे प्रयोग चालले होते. ‘डॉन’नंतर पंधराच दिवसांनी, ३ नोव्हेंबर २००६ ला जे. पी. दत्तांचा ‘उमराव जान’ आला. मुझफ्फर अलींच्या १९८१ च्या चित्रपटापुढे त्याचा निभाव लागला नाही. लोक थिएटरात बसून मनातल्या मनात रेखा बघत होते. पुढच्या ऑगस्टमध्ये ‘शोले’ची पाळी. रामगोपाल वर्मांनी तो मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणला आणि गब्बरच्या जागी चक्क अमिताभला उभं केलं. हक्कांवरून सिप्पी घराण्याशी तंटा झाला, नाव बदलून ‘राम गोपाल वर्मा की आग’ करावं लागलं, आणि कितीतरी वर्षांनी, २०१५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने दहा लाखांचा दंड ठोठावला. मला विचाराल तर खरी चूक नकलेची नव्हती. ठाकूर, बसंती, गब्बर ही माणसं लोकांच्या डोक्यात ज्या आवाजात आणि ज्या खडकांत वसलेली आहेत, तिथून उचलून दुसरीकडे ठेवली आणि बदल्यात दिलं काहीच नाही. जुन्या चिपा काढल्या, नकलेचं सॉफ्टवेअरही दिलं नाही.

फसलेल्या चित्रपटाचा रिमेक मात्र सोपा जातो, कारण त्याच्याशी कुणाची सोयरीक जुळलेली नसते. मुकुल आनंद यांचा १९९० चा ‘अग्निपथ’ अमिताभला राष्ट्रीय पुरस्कार देऊन गेला, पण तिकीटबारीवर पडला. अमिताभने त्यात आवाज बदलून घेतलेला. तो ऐकून लोकांना वाटलं, थिएटरचे स्पीकरच बिघडलेत. २०१२ मध्ये करण जोहरने वडिलांचा हा फसलेला डाव पुन्हा मांडला. दिग्दर्शक करण मल्होत्राने मिथुनचा कृष्णन अय्यर सरळ काढून टाकला, ऋषी कपूरसाठी रौफ लाला नावाचा कसाई नव्याने घडवला. आणि संगीत दिलं आपल्या अजय-अतुलनी. ‘चिकनी चमेली’ वाजलं तेव्हा देशभर लोक नाचले. मराठी माणूस मात्र नाचता नाचता शेजाऱ्याला कोपर मारत होता, कारण ती त्यांचीच ‘जत्रा’मधली ‘कोंबडी पळाली’. रिमेकच्या आत आणखी एक रिमेक, आणि त्यातला अस्सल ऐवज फक्त आपल्याला दिसत होता.

जुनं तसंच ठेवून नुसतं लख्ख करण्याची तिसरी वाटही आहे. गेमवाले तिला रीमास्टर म्हणतात. पीएस टू वरचा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा खेळ २००५ चा. २०११ मध्ये पीएस थ्री साठी तो घासूनपुसून आणला, २०१८ मध्ये पीएस फोर साठी चित्रं मुळापासून नवी काढली, पण खेळाचा सांगाडा तोच ठेवला. ‘शोले’च्या नशिबीही शेवटी हेच आलं. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने साफसूफ केलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला दाखवली गेली, आणि आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळ शेवट तिच्यात परत होता. पन्नास वर्षांनी ठाकूरने गब्बरला एकदाचं मारलं.

आपल्याकडे कन्सोलची लढाई तशी बेताचीच झाली. सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आला, अक्षयकुमार आणि युवराजसिंग त्याची जाहिरात करत. पुढच्या वर्षी पीएस थ्री आला, चाळीस हजारांच्या घरात. खेळ अडीच हजारांच्या आसपास, आणि त्यांची खरी शोभा बघायची तर टीव्हीही नवा हवा. त्या डोंबिवलीच्या गाळ्यात हे गणित कुणी तोंडीसुद्धा मांडलं नाही. जाड काचेचा टीव्ही आणि नकली सीड्या चालाव्यात म्हणून चिप मारलेला पीएस टू, एवढ्यावर कितीतरी वर्षं दुकान चाललं. सोनीच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण खास भारतासाठी खेळ निघाले ते या म्हाताऱ्यासाठी: ‘हनुमान: बॉय वॉरियर’, आणि कबड्डी, विटीदांडू, पतंग असलेला ‘देसी अड्डा’. २०११ मध्ये शाहरुखचा ‘रा.वन’ आला, जो मुळात व्हिडिओ गेममधून बाहेर पडलेल्या खलनायकाची गोष्ट. मुंबईच्या ट्राइन गेम्सने त्याचा खेळ बनवला तो पीएस थ्री साठी आणि पीएस टू साठीही.

त्याच डिसेंबरात ‘डॉन २’ आला. अस्सल डॉन जिवंत आहे हे आता सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे फसवायला काही उरलं नव्हतं. लुटायला निव्वळ बर्लिनमधली बँक होती. चित्रपट येऊन गेल्यावर त्याचाही खेळ निघाला, आणि तो पीएस टू वर आला. पीएस थ्री ला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

भाच्याने तो आणला. त्याच्याकडे तोवर पीएस थ्री होता, पण त्याचं मॉडेल नंतरचं. त्यात ही डिस्क घालण्यात अर्थ नाही हे त्याला ठाऊक होतं. माळ्यावरून त्याने जुना काळा डबा काढला, जुन्या बनियनने पुसला, मेमरी कार्ड खोचलं. बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, “आता हे काय पुन्हा काढलंस?” टीव्हीवर शाहरुख चालू लागला, जरासा ताठ, कोपऱ्याकोपऱ्यांचा. भाच्याने रिमोट माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “मामा, यात शेवटी कोण मरतं?”

या वेळी मी काही सांगितलं नाही.